कर्नाटकातील कॉफी : बागा, नावे आणि बेळगावचा पेला

भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. तिचा मोठा वाटा कोडगु (कूर्ग), चिक्कमगळूरू आणि हासन या तीन जिल्ह्यांतून येतो. बेळगाव जिल्हा त्याच राज्यात असला, तरी कॉफीच्या पारंपरिक लागवड-प्रदेशांत त्याचे नाव नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात कॉफी येते ती चारशेच्या आसपास किलोमीटर दक्षिणेकडून, पुडीत बांधून. त्या पुडीवर कधी जिल्ह्याचे नाव असते, कधी प्रक्रियेचे, कधी दाण्याच्या आकाराचे. ही तीन प्रकारची नावे एकमेकांत इतकी मिसळली आहेत की बरीच वर्षे कॉफी पिणाऱ्यालाही आपण नेमके काय पितो ते सांगता येत नाही.

राज्य म्हणूनही ही जवळीक तशी अलीकडचीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी कूर्ग हे तोवर स्वतंत्र असलेले छोटे राज्यही म्हैसूरला जोडले गेले. बेळगावातल्या मराठी माणसाला ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ असते. देशातला सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा जिल्हा आणि बेळगाव त्या दिवशी एका राज्यात आले, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

वळवाचे पीक

पाऊस कमी म्हणून बेळगावात कॉफी नाही, असे म्हणता येत नाही. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात सह्याद्रीचा पाऊस धो धो कोसळतो. तिथे भात आहे, काजू आहे. कॉफीला मात्र पावसाच्या प्रमाणाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. डिसेंबरनंतरच्या कोरड्या महिन्यांत झाडावर कळ्या धरतात आणि तशाच थांबून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी होते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. बागायतदार या सरीला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. त्यानंतर काही दिवसांनी फळ धरण्यासाठी आणखी एक सर लागते, तिला ‘बॅकिंग शॉवर’. आपल्याकडे वळवाचा पाऊस म्हणजे आंब्याची गळ आणि नांगरटीची सोय. कोडगुत त्याच पावसावर वर्षाचे उत्पन्न ठरते. वळीव चुकला, तर विशेषतः रोबस्टाच्या बागांत तुषार सिंचनाने खोटा वळीव पाडावा लागतो. त्यासाठी बागेत तळे राखून ठेवलेले असते.

दुसरी गोष्ट सावलीची. जगातल्या अनेक देशांत कॉफी उघड्या उन्हात लावतात. भारतात ती जवळपास सगळी झाडांखाली वाढते. वर उंच जंगली झाडे, फणस, उंबर, मधल्या थरात पांगारा, मूळची ऑस्ट्रेलियातली सिल्व्हर ओक, आणि त्यांच्या खोडांवर चढवलेले मिरीचे वेल. कॉफीचा भाव पडला की मिरी हात देते. देशातले बहुसंख्य कॉफी उत्पादक दहा हेक्टरांहून कमी जमीन असलेले आहेत, त्यामुळे हा आधार छोटा नाही. चित्रपटांतून मनात बसलेला टेकडीवरचा साहेबी बंगला हा त्यातला अगदी थोडा भाग.

तांबेऱ्याने बदललेला नकाशा

कॉफीच्या दोन जाती व्यापारात चालतात. अरेबिका साधारण १,००० ते १,५०० मीटर उंचीवर चांगली येते, चवीला नाजूक आणि आंबूस असते आणि रोगाला लवकर बळी पडते. रोबस्टा त्याहून खालच्या, उष्ण आणि दमट जागी येते. ती राकट, कडवट, दाट फेस देणारी असून तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते.

सुरुवातीला भारतात सगळी अरेबिकाच होती. आख्यायिका अशी, की बाबा बुडन हे सूफी सत्पुरुष मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिक्कमगळूरूजवळच्या डोंगरात त्या लावल्या. हा काळ साधारण १६७० चा सांगतात. अरब व्यापारी उगवणारी बी बाहेर जाऊ देत नसत, म्हणून ही लपवाछपवी. सात हा आकडा सगळीकडच्या कथांना आवडतो, तेव्हा तो शब्दशः घेऊ नये. त्या डोंगराला मात्र आज बाबा बुडनगिरी म्हणतात. तिथल्या गुहेतील स्थान दत्तात्रेयाचेही मानले जात असल्याने मराठी दत्तभक्तांना ते ठाऊक असते. कॉफीचे मूळ ठाणे म्हणून तिथे जाणारे कमी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी चिक्कमगळूरू, मंजराबाद (आजचा सकलेशपूर भाग) आणि कूर्गमध्ये मोठी लागवड केली. १८६९ मध्ये सिलोनात पानांवर नारिंगी बुरशीचे ठिपके दिसले आणि लवकरच तो रोग दक्षिण भारतात पोचला. गव्हावर पडतो त्याच जातकुळीचा हा तांबेरा. सिलोनने कॉफी उपटून चहा लावला. कर्नाटकाने कॉफी सोडली नाही, पण पुढे ती बदलली. तांबेऱ्याला दाद न देणारी रोबस्टा विसाव्या शतकात खालच्या उतारांवर पसरली. चिक्कमगळूरू जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ मध्ये कॉफीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे तयार झालेले ‘एस ७९५’ हे अरेबिकाचे वाण अजूनही जुन्या बागायतदारांच्या विश्वासातले आहे. त्याची चव चांगली आणि उत्पन्न बरे, पण तांबेऱ्यापुढे ते हळूहळू कमकुवत पडले. त्यात अरेबिकाला पांढरा खोडकिडा लागतो. तो आतून खोड पोखरतो आणि बाहेर दिसेपर्यंत झाड गेलेले असते. या सगळ्याचा परिणाम असा, की आज देशातल्या उत्पादनात सुमारे ७० टक्के वाटा रोबस्टाचा आहे. अरेबिकाची कीर्ती गाणाऱ्या मजकुरात हा आकडा क्वचितच सापडतो.

प्रदेश

कोडगु : कावेरीच्या उगमाचा जिल्हा, देशातील कॉफी उत्पादनात पहिला. मडिकेरी, विराजपेट, सोमवारपेट ही मुख्य ठिकाणे. नावलौकिक ‘कूर्ग अरेबिका’चा असला, तरी जिल्ह्यात पिकते ती मुख्यतः रोबस्टा. बागांतून मिरी, वेलची आणि पूर्वी प्रसिद्ध असलेली कूर्गची संत्री. ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत इथल्या डोंगरांनी दरडींसह बागा खाली आणल्या, त्याच्या खुणा अजून दिसतात.

चिक्कमगळूरू : मुळ्ळय्यनगिरी हे राज्यातले सर्वोच्च शिखर (सुमारे १,९३० मीटर) याच जिल्ह्यात. बाबा बुडनगिरीच्या उंच उतारांवरची अरेबिका हळू पिकते, म्हणून तिचा दाणा घट्ट असतो. कॉफीच्या पेल्यात आंबटपणा म्हणजे दोष, अशी आपल्याकडे समजूत आहे. इथल्या चांगल्या कॉफीत पिकलेल्या फळासारखा हलका आंबूसपणा असतो आणि परदेशी ग्राहक त्याचेच पैसे मोजतो.

हासन जिल्ह्यात सकलेशपूर, बेलूर, आलूर. चामराजनगरात बिळिगिरीरंगन डोंगर. तिथल्या सोलिग आदिवासींच्याही छोट्या बागा आहेत. राज्याबाहेर केरळात वायनाडची रोबस्टा, तमिळनाडूत निलगिरी, पळणी आणि शेवरॉय डोंगर, आंध्रात पूर्व घाटातले अराकू खोरे. महाराष्ट्रात कॉफी म्हटले की एकच नाव, मेळघाटातले चिखलदरा. ते प्रमाणात नगण्य, पण अभिमानाने सांगण्याजोगे.

२०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिक्कमगळूरू अरेबिका, बाबा बुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू खोऱ्यातील अरेबिका या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरच्या संत्र्याला किंवा कोल्हापूरच्या गुळाला आहे, तेच हे मानांकन.

प्रदेश नसलेली नावे

पिकलेले लाल बोंड तसेच उन्हात वाळवले तर ती ‘चेरी’. साल यंत्राने काढून, चिकट गर आंबवून धुऊन वाळवले तर ‘पार्चमेंट’. धुतलेल्या अरेबिकाचे टरफल क्युरिंगच्या (दाणा सोलून साफ करण्याच्या) कारखान्यात निघाले की तिला ‘प्लांटेशन’ म्हणतात, आणि पुढे ए, बी ही दाण्याच्या आकाराची प्रतवारी. बोंडात एरवी दोन चपटे दाणे असतात. कधी एकच गोल दाणा भरतो, तो ‘पीबेरी’. दुकानदार त्याची वेगळी किंमत सांगतो, पण पीबेरी ही काही वेगळी जात नव्हे. ‘म्हैसूर नगेट्स’ हे मोठ्या दाण्याच्या धुतलेल्या अरेबिकाचे आणि ‘कापी रॉयल’ हे उत्तम धुतलेल्या रोबस्टाचे नाव. दोन्हींत येणारा माल एकाहून अधिक प्रदेशांतला असतो.

सगळ्यांत फसवे आणि सगळ्यांत सुंदर नाव ‘मॉन्सून्ड मलबार’. शिडाच्या जहाजांच्या काळात कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला कित्येक महिने लागत. तळघरातल्या दमट हवेने दाणा फुगे, फिकट पिवळा होई आणि त्याचा आंबटपणा जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, पाठोपाठ आगबोटी वाढल्या, प्रवास आठवड्यांवर आला. कॉफी हिरवी, ताजी पोचू लागली आणि जुन्या गिऱ्हाइकाला ती आवडेना. तेव्हा जहाजात आपसूक घडणारी गोष्ट किनाऱ्यावर मुद्दाम घडवायची युक्ती निघाली.

आजही मंगळूरच्या परिसरात जून ते सप्टेंबर हे काम चालते. बाजूंनी उघड्या असलेल्या गोदामात चेरी पद्धतीने वाळवलेली अरेबिका १२ ते १५ सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरतात आणि दंताळ्याने वारंवार वरखाली करतात. मग सैल भरलेल्या गोणपाटाच्या पोत्यांच्या रांगा अशा लावतात, की समुद्रावरून येणारा ओला वारा पोत्यांमधून खेळावा. अधूनमधून पोती ओतून पुन्हा भरायची. तीन-चार महिन्यांत दाणा फुगून सोनेरी होतो. आपल्या घरी पावसाळा लागला की रवा भाजून ठेवायचा, पापड-कुरडया घट्ट झाकणाच्या डब्यात जायच्या, डाळीला कडुलिंबाचा पाला. मंगळुरात त्याच हवेला लाखमोलाची कॉफी खुशाल उघडी करून ठेवतात! तयार कॉफीला आंबटपणा जवळजवळ नसतो; मातीचा, मसाल्याचा, जुन्या लाकडाचा वास असतो. काहींना तो बुरसट वाटतो, आणि ती तक्रार अगदीच गैरवाजवी नाही. या कॉफीलाही भौगोलिक मानांकन आहे, तेही २०१९ च्या पाच नावांच्या आधीपासून. मलबार हे किनाऱ्याचे जुने नाव तेवढे उरले आहे. तिची चव घडवणारे मंगळूर कर्नाटकात आहे, आणि पुष्कळसा दाणाही कर्नाटकातल्याच डोंगरांवरचा.

बाजार

१९४२ च्या कायद्याने सरकारी कॉफी मंडळाला (कॉफी बोर्डाला) सगळा माल एकत्र खरेदी करून विकण्याचा अधिकार मिळाला. बागायतदाराने माल मंडळाकडे द्यायचा आणि पैसे हप्त्यांनी घ्यायचे. ही पद्धत १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपली. आता भाव ५० किलोच्या पोत्यावर बोलतात आणि वाळलेल्या मालातून साफ दाणा किती निघतो, त्या ‘आउटटर्न’वर तो कमीजास्त होतो. देशातली बहुतेक कॉफी निर्यात होते. इटली हे जुने आणि मोठे गिऱ्हाईक. २०२४ मध्ये व्हिएतनामचे पीक दुष्काळाने घटल्यावर रोबस्टाने भावाचा उच्चांक गाठला. कोडगुतल्या बागायतदाराने तेव्हा नवी गाडी घेतली असेल. बेळगावच्या गिऱ्हाइकाने पाव किलोच्या जागी शंभर ग्रॅम पूड बांधून घेतली.

सीमाभागातली कॉफी

बेळगाव हे चहाच्या मुलखाचे दक्षिण टोक आहे की कॉफीच्या मुलखाचे उत्तर टोक, हा सीमावाद कुठल्याही न्यायालयात गेलेला नाही. मिरजेकडून बेळगावमार्गे बेंगळुरूला जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये मात्र निकाल ऐकू येतो : संध्याकाळी ‘चाय, चाय’ ऐकत डोळा लागतो आणि सकाळी ‘कापी, कापी’ने जाग येते.

मराठी घरांतली जुनी कॉफी वेगळी. दुधात साखर आणि पूड एकत्र उकळायची, वर सहाणेवर उगाळलेले किंवा किसलेले जायफळ, कधी वेलची. तिला निमित्त लागे : जागरण, आजारपण किंवा मानाचा पाहुणा. जायफळाने झोप येते अशी ख्याती असताना ते जागरणाच्या कॉफीत का घालतात, हे कोडे सुटलेले नाही. शहरातल्या कॉफीला दुसरे वळण लावले ते उडुपी हॉटेलांनी. गाळणीतून उतरवलेले दाट डिकॉशन, वरून उकळते दूध आणि स्टीलच्या पेल्यातून वाटीत उंचावरून ओतून आणलेला फेस. एक कॉफी दोघांत घ्यायची तर ‘वन बाय टू’. ही मागणी इथे कंजूषपणाची खूण मानली जात नाही.

पूड विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात ते एवढेच : चिकोरी किती? ८०-२० हवी, ७०-३० की ६०-४०? चिकोरी हे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. तिने रंग गडद होतो, डिकॉशन दाट उतरते, किंमत उतरते. कॅफीन मात्र तिच्यात मुळीच नसते. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. बऱ्याचदा ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते. मानांकनाची पाच नावे पाठ करण्यापेक्षा हा एक आकडा शोधून वाचणे गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचे, असे या लेखकाचे मत आहे. शुद्ध कॉफीची सवय नसलेल्या जिभेला ती पाणचट लागते, हेही तितकेच खरे.

मलनाड (कर्नाटकातला सह्याद्रीचा डोंगराळ भाग) आणि कोडगुच्या घरांत दुधाविना, गूळ घातलेली काळी ‘बेल्लद कापी’ करतात, कधी मिरी ठेचून टाकतात. गुळाच्या मुलखात राहूनही सीमाभागात ती फारशी रुजली नाही. फिल्टर मात्र मराठी घरांतही पोचला आहे. वरच्या भांड्यात पूड हलकी दाबून उकळते पाणी ओतायचे आणि झाकून वीस मिनिटे विसरून जायचे. पहिले उतरते ते पाहुण्यांचे. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून जे मिळते, ते घरच्यांचे.