शिबंदीचे धरणे (खानदेश)

पगार थकला की शिबंदीतल्या, म्हणजे पगारी फौजेतल्या, शिपायांनी आपल्याच सरदाराला डेऱ्यात अडवून धरायचे, ही मराठेशाहीतल्या फौजांची जुनी रीत. धरणे उठेपर्यंत सरदाराला बाहेर पडता येत नसे. अन्नपाणीही रोखले जाई. एरवी एखादा सावकार मध्ये पडून रक्कम भागवी. फौज माघार घेऊ लागली की सावकार हात आखडता घेत, महालांचा (परगण्यांचा) वसूल थांबे आणि तगाद्याचे बंड होई. १८१८ साली खानदेशाच्या मुलखात हे वारंवार दिसले.

मुलूख आधीच खंगलेला होता. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी तो लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला. ओस गावांतून सारा येणार कुठून? तरीही किल्ले राखले जात होते ते पगारी अरब शिपायांच्या जिवावर, आणि हे शिपाई किल्लेदारापेक्षा आपल्या जमादाराचे, म्हणजे तुकडीच्या नायकाचे, ऐकत.

थाळनेरला याचा भयंकर शेवट झाला. महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरच्या तहाने (६ जानेवारी १८१८) होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला होता. २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या या किल्ल्याचा किल्लेदार तुळशीराम मामा इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या हवाली झाला. आतल्या दरवाजावरचे अरब मात्र अटींसाठी अडून बसले. बोलणे चालू असताना झटापट होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग सुमारे ३०० जणांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिले. जे शिपाई त्याच्या हुकमात उरलेच नव्हते, त्यांच्या कृत्यासाठी त्याचा जीव घेतला. हा उघड अन्याय होता. लंडनच्या पार्लमेंटातही या फाशीवर प्रश्न उठले.

मालेगावात गोपाळराव राजेबहादूर यांनी इंग्रजांच्या संमतीने किल्ला घेतला खरा, पण त्यांच्याच अरबांनी त्यांना कैद्यासारखे ठेवले. तो किल्ला घ्यायला इंग्रजांना मे-जून १८१८ मध्ये सुमारे महिनाभर वेढा घालावा लागला.

खुद्द दुसरा बाजीरावही यातून सुटला नाही. जूनच्या आरंभी असीरगडाजवळ तो इंग्रज सेनानी माल्कमला शरण गेला. पुढे नर्मदेकडे जाताना अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्या तंबूला गराडा घातला. वाद होता तो पगार कधीपासून मोजायचा याचा: बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळ्याने भरती केल्यापासून, की पेशव्याच्या छावणीत आल्यापासून. शेवटी माल्कमने फौज उभी करून आणि मध्यस्थी करून हिशेब मिटवला, तेव्हा अरब तंबूपासून हटले.