कामातून झालेला कर्करोग: केसपेपरवरच्या नोंदीपासून भरपाईच्या अर्जापर्यंत

लोटे, महाड, रोह्याच्या रासायनिक कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेला किंवा मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेला चाकरमानी रुग्णालयात गेला की केसपेपरवर व्यवसायापुढे 'शेती' असे लिहिले जाते. आज तो शेतीच करतो, म्हणून ते कोणाला खटकत नाही. पण भरपाईच्या दाव्यात समोरचा वकील सर्वात आधी हाच कागद दाखवतो. तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना पहिल्या नोकरीपासूनचा सगळा इतिहास सांगावा आणि तो केसपेपरवर लिहून घ्यावा.

त्यासाठी घरूनच एक कागद तयार करून न्यावा. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कंपनी कोणती, ठेकेदार कोण, प्लांट कोणता, हाताखालून काय जायचे, पिंप कोण उघडायचे, फिल्टर कोण साफ करायचे, तोंडाला काय बांधायचे, हे सगळे त्यात हवे. 'केमिकल कंपनीत हेल्पर' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. रसायनाचे नाव आठवत नसेल तर जुन्या सहकाऱ्यांना विचारावे. कारखान्याकडे प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक असते आणि ती माहिती मागण्याचा कामगाराला हक्क आहे. विडी, सिगारेट, मिश्रीची सवयही लपवू नये. व्यसन होते एवढ्यावरून दावा बाद होत नाही, पण लपवलेले उघडे पडले की बाकीच्या जबानीवरचाही विश्वास उडतो.

काही जोड्या वैद्यकशास्त्रात पक्क्या आहेत. बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन या रंगनिर्मितीतल्या रसायनांनी मूत्राशयाचा कर्करोग होतो. बेन्झीनने रक्ताचा, व्हिनाइल क्लोराइडने यकृताचा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियमने फुफ्फुसाचा, लाकडाच्या भुशाने नाकाचा व सायनसचा. ॲस्बेस्टॉसने फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो. गोदीत, जहाजाच्या इंजिनरूममध्ये, मुंबईतल्या दारूखाना भागातल्या जहाजतोडीत राबलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. रंगरसायनात काम केलेल्या माणसाच्या लघवीतून न दुखता रक्त गेले तर मुतखडा समजून थांबू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. मेसोथेलिओमा काम सुटल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही निघतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो साध्या फुफ्फुसाच्या कर्करोगासारखा दिसू शकतो. म्हणून बायॉप्सीवर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारख्या इम्युनो चाचण्या (पेशींतली प्रथिने रंगवून कर्करोगाचा प्रकार ओळखणाऱ्या) झाल्या आहेत का, ते विचारावे. परळच्या किंवा खारघरच्या टाटा रुग्णालयात पाठवले तर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायॉप्सीचा तुकडा) व स्लाइड सोबत न्याव्यात आणि नंतर परत मागून घ्याव्यात.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. व्यावसायिक आजारांची यादी दोन्हीकडे तिसऱ्या अनुसूचीत आहे. तिच्या 'ब' भागात ॲस्बेस्टॉसचा फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा, मूत्राशय-मूत्रपिंड-मूत्रवाहिनीच्या अस्तराचा कर्करोग, डांबर व खनिज तेलाने होणारा त्वचेचा कर्करोग, तसेच बेन्झीन, क्रोमियम व किरणोत्सर्गाचे आजार येतात. त्या कामात एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झाली असेल, तर आजार कामातूनच झाला असे कायदा धरून चालतो आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे असते. सिलिका धुळीने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, पण यादीत नाव आहे ते सिलिकोसिसचे, म्हणजे त्या धुळीने फुफ्फुस निबर होण्याच्या आजाराचे. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणीत काम केलेल्याने म्हणूनच सिलिकोसिसचे निदान कागदावर वेगळे मागावे.

सर्वात जास्त दावे अडू शकतात ते मुदतीवर. घटनेपासून दोन वर्षांत अर्ज करायचा असतो. नोकरीत असताना आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस म्हणजे घटना. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर ती प्रथम आढळली तो दिवस धरतात. त्यानंतर लक्षणे आली तर ही सोय आपसूक मिळत नाही आणि कामाशी संबंध पुराव्याने उभा करावा लागतो. कर्करोग इतक्या उशिरा निघतो आणि कायदा दोन वर्षांचे बोलतो, हा कामगारावर अन्यायच आहे. तरी सबळ कारण असल्यास उशीर माफ करता येतो. निदानाची तारीख असलेला अहवाल लावून त्याचा वेगळा अर्ज द्यावा.

त्या नोकरीत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मालकाकडे भरपाई मागता येत नाही. दावा ईएसआय महामंडळाकडे जातो. तिथे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवते. कायमचे पूर्ण अपंगत्व ठरले तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम दरमहा मिळते. ईएसआय नसेल तर अर्ज भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे नव्या संहितेतल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. कारखाना ठाण्यात असला तरी अर्जदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, त्यामुळे सावंतवाडीच्या माणसाने दर तारखेला ठाणे गाठण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात हे काम कोणाकडे आहे ते सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळते.

अर्जाला आधार कार्ड, वयाचा दाखला, बायॉप्सी व सीटी स्कॅनचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, कामाचा इतिहास आणि डॉक्टरांचा 'हा आजार या कामाशी संबंधित आहे' असा लेखी अभिप्राय जोडावा. 'संबंध असू शकतो' एवढे मोघम वाक्य कमी पडते. नोकरीचा पुरावा म्हणून नेमणूकपत्र, पगारचिठ्ठी, गेटपास यांपैकी जे असेल ते. ठेकेदाराकडच्या कामगाराकडे यातले बहुधा काहीच नसते. त्याने भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक किंवा जुन्या वार्षिक स्लिपा शोधाव्यात, कारण त्यांवर आस्थापनेचा कोड आणि वर्ष असते. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोवर जपाव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा आदेश आहे. त्याचा हवाला देऊन नोंदी रजिस्टर पोस्टाने मागाव्यात आणि पोचपावती जपून ठेवावी.

रकमेचा अंदाज असा: वय ५० आणि कायमचे पूर्ण अपंगत्व असेल, तर मासिक मजुरीच्या ६० टक्के गुणिले १५३.०९ (हा त्या वयासाठी कायद्याने ठरवलेला गुणक). हिशेबाला मजुरी दरमहा १५,००० रुपयांपर्यंतच धरतात (३ जानेवारी २०२० ची अधिसूचना), म्हणजे १३,७७,८१० रुपये. रुग्ण दगावला तर अवलंबितांना ५० टक्क्यांनी हिशेब होतो.

कारखान्यातल्या कामाने कर्करोग झाल्याचे आढळले की उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारखाने निरीक्षण यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्रात ते काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. डॉक्टरांना तशी विनंती लेखी द्यावी आणि पाठवलेल्या सूचनेची प्रत आपल्या फायलीत लावावी.