आर्गॉन जळत नाही

मुलुंडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीत तळमजल्याला लोखंडी शटरची चार-पाच गॅरेजे आहेत. आमच्या गॅरेजात गाडी ठेवणे बंद झाले तेव्हा मी तिथे टिग (टंगस्टन इनर्ट गॅस, म्हणजे टंगस्टन धातूची सळई आणि निष्क्रिय वायू वापरून विजेने होणारे) वेल्डिंगचे यंत्र बसवायचे ठरवले, आणि ज्या दिवशी टेम्पोतून आर्गॉन वायूचे उंच निळे सिलिंडर उतरले त्याच संध्याकाळी सोसायटीचे सचिव खाली आले. "अहो, एवढा गॅस पेटला तर वरच्या मजल्यांचे काय?" असे त्यांनी विचारले. त्यांची काळजी रास्त होती, पण तिच्यामागचा समज चुकीचा होता, आणि तो समज सर्वत्र आढळतो. मुंबईत गाळ्यागाळ्यांवर ‘गॅस वेल्डिंग’ आणि ‘आर्गन वेल्डिंग’ (म्हणजे हेच टिग) या दोन पाट्या शेजारी-शेजारी लागलेल्या असतात, त्यामुळे पहिल्यात जसा ॲसिटिलीन जळतो तसा दुसऱ्यात आर्गॉन जळत असणार आणि त्याच्याच ज्योतीने धातू वितळत असणार, असे वाचणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात आर्गॉन जळत नाही. त्या सिलिंडरला काडी लावण्याचा प्रयत्न केला, तर उलट काडीच विझेल.

लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी १८९४ साली हा वायू शोधला. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक क्रियेतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड का भरतो, या बारीकशा विसंगतीचा त्यांनी पाठपुरावा केला, आणि हवेत जवळजवळ एक टक्का असणारा, कशाशीही संयोग न पावणारा एक वायू हाती लागला. ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. वेल्डिंगला त्याचा हा आळसच हवा असतो. वितळलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागू नयेत म्हणून त्याच्यावर अशा वायूचे पांघरूण घालायचे, ही टिगची मूळ कल्पना आहे. १९४१ साली अमेरिकेतील नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि हेलियम वायू वापरून ही पद्धत मॅग्नेशियमच्या जोडकामासाठी यशस्वी केली. पुढे हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गॉनने घेतली.

मग उष्णता येते कुठून? टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंगच्या मुठीच्या, टोकाशी असलेली टंगस्टनची बारीक सळई आणि समोरचा पत्रा यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात विजेचा आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, पेटतो, आणि त्याच्या गाभ्याचे तापमान दहा हजार अंशांच्या वर जाते, एवढे उत्तर पुस्तकात मिळते. पण त्याने माझे समाधान कधी झाले नाही, कारण खरी गंमत पुढे आहे. दिष्ट प्रवाहावर, म्हणजे डीसीवर, टंगस्टनला ऋण टोक जोडले असता एकूण उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के पत्र्यावर उतरते आणि ३० टक्क्यांच्या आसपासच टंगस्टनच्या वाट्याला येते. आर्क दोघांना सारखाच भिडलेला असताना ही वाटणी इतकी विषम का असावी?

याचे उत्तर माठात आहे. माठाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे सर्वांत चपळ रेणू निसटतात, जाताना आपल्या वाट्याची ऊर्जा घेऊन जातात आणि मागे राहिलेले पाणी गार होते. धातूमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात आणि धातू पुरेसा तापवला तर तेही त्याच्या पृष्ठभागावरून अक्षरशः बाष्पासारखे निघून जातात. या बाष्पीभवनाचे नियम ओवेन रिचर्डसन यांनी शोधले आणि त्यासाठी त्यांना भौतिकशास्त्राचे १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. टंगस्टनमधून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडायचा तर त्याला सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) इतकी ऊर्जा मोजावी लागते आणि ती तो टंगस्टनमधूनच उचलतो. १०० अँपिअरचा आर्क चालू असताना दर सेकंदाला सहावर वीस शून्ये इतके इलेक्ट्रॉन बाहेर पडत असतात. हिशेब केला तर ते टंगस्टनच्या टोकातून सुमारे ४५० वॅट उष्णता सतत काढून घेत असतात. आर्कमधले धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) येऊन आदळतात म्हणून टोक तापलेले राहते, आणि इलेक्ट्रॉन निघून जातात म्हणून ते वितळत नाही. ३४२२ अंश सेल्सिअसला वितळणारा हा धातू वितळण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन तासन्‌तास टिकतो, तो या घाम येण्यामुळे.

दुसऱ्या टोकाला याच्या नेमके उलटे घडते. मोदकपात्राचे झाकण उघडताना बोटाला लागलेली वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त पोळते, कारण वाफेचे पाणी होताना तिने साठवलेली सुप्त उष्णता बोटावर सोडली जाते. इलेक्ट्रॉन पत्र्यात शिरतात तेव्हा त्यांचेही असेच सांद्रीभवन होते. टंगस्टनमधून निघताना मोजलेली ऊर्जा ते जवळजवळ जशीच्या तशी पत्र्याला परत करतात आणि वाटेत आर्कमध्ये मिळवलेली ऊर्जाही त्यात घालतात.

इथे आणखी एक पायरी आहे, ती थोडी अवघड असली तरी मला गाळवत नाही. मुंबईच्या दमट हवेत माठातले पाणी नागपूरइतके गार होत नाही, कारण हवेत आधीच असलेले बाष्प परत पाण्यात येत राहते. इलेक्ट्रॉनांचेही तसेच होते. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचा ऋणभारित ढग टोकाभोवती साचतो आणि मागून येणाऱ्यांना परत आत ढकलतो. निर्वात नळीत हा ढग प्रवाहाला मर्यादा घालतो. आर्कमध्ये आर्गॉनच्या अणूंचे धन आयन झालेले असतात. ते इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३ हजार पट जड असल्यामुळे टोकाजवळ रेंगाळतात, ऋणभाराचा तोल सांभाळतात आणि ढग फोडतात. ते स्वतः फारच थोडा प्रवाह वाहून नेतात, पण त्यांच्या उपस्थितीमुळे इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते. म्हणजे आर्गॉन केवळ पांघरूण नाही, तो वाट करून देणाराही आहे, आणि तरीही यात तो कुठेच जळत नाही.

हे एकदा पटले की ॲल्युमिनियमचे कोडे आपोआप समोर येते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावर असलेला ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर वितळण्यासाठी २०७२ अंश लागतात. दुधावरची साय हलवल्याशिवाय खालचे दूध दिसत नाही, तसे आत धातू पाणी झाला तरी वर सुरकुतलेले कातडे राहते आणि दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. यावर उपाय म्हणजे प्रवाहाची दिशा उलटणे. पत्रा ऋण झाला की इलेक्ट्रॉन त्याच्यातून निघायला हवेत. पण ॲल्युमिनियम टंगस्टनइतके तापण्याआधीच उकळून जाईल, त्यामुळे बाष्पीभवनाचा मार्ग बंद आहे. मग ऑक्साइडच्या पृष्ठभागावर धन आयन जमतात आणि त्या काही नॅनोमीटरच्या थरावर काही व्होल्टचा ताण पडतो. एका नॅनोमीटरला एक व्होल्ट म्हणजे एका सेंटिमीटरला एक कोटी व्होल्ट. एवढ्या ताणाखाली थर जागोजागी फुटतो, त्या सूक्ष्म ठिणगीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि ठिणगीच्या जागेवरचे ऑक्साइड उडून जाते. उघडा पडलेला धातू आता इलेक्ट्रॉन सहज देत नाही, म्हणून ठिणगी पुढच्या, अजून ऑक्साइड असलेल्या जागेवर उडी मारते. म्हणजे पृष्ठभाग घासून काढण्याचे काम ती स्वतःच, क्रमाक्रमाने करत जाते. आयन वाळूच्या माऱ्यासारखे आदळून ऑक्साइड खरवडतात, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण सोपे असले तरी अपुरे आहे.

हेल्मेटच्या काळ्या काचेतून हे पाहता येते. आर्कभोवती प्रथम एक दुधी, पांढरट वर्तुळ पसरते, त्यात बारीक ठिपके पळत असतात, आणि मग मधोमध वितळलेल्या धातूचे पाऱ्यासारखे लखलखणारे डबके अचानक स्वच्छ दिसू लागते. मात्र या उलट्या फेरीत इलेक्ट्रॉनांची सगळी सुप्त उष्णता टंगस्टनवर उतरते आणि त्याच्या टोकाचा गोळा होऊ लागतो. म्हणून एसी, म्हणजे सतत दिशा उलटत राहणारा प्रवाह, वापरतात आणि प्रत्येक आवर्तनाचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वेळ टंगस्टन ऋण ठेवतात. यंत्रावरील ‘बॅलन्स’ नावाचे बटण हीच वाटणी ठरवते. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘टिग’ लिहिलेली बरीच स्वस्त यंत्रे फक्त डीसीची असतात. त्यांच्यावर स्टेनलेस स्टील उत्तम जोडले जाते, ॲल्युमिनियम नीट जोडले जाणार नाही, विकणारा काहीही सांगो.

आता गॅरेजाकडे वळू. टिगच्या आर्कचा विद्युतदाब ढोबळमानाने दहा व्होल्ट अधिक अँपिअरचा पंचविसावा भाग इतका असतो. १०० अँपिअरला १४ व्होल्ट, म्हणजे १४०० वॅट. घरातला गिझर याहून जास्त वीज घेतो. २०० अँपिअरला मात्र १८ व्होल्ट आणि ३६०० वॅट होतात, आणि यंत्रातील घट व कमी पॉवर फॅक्टर धरता २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे २५ अँपिअरचा भार येतो. जुन्या सोसायट्यांच्या गॅरेजात दिव्यापुरती ओढलेली बारीक वायर असते, तिच्यावर हा भार टाकू नये. मी परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) आणि व्यवस्थित अर्थिंग करून घेतले. वायर लोहार चाळीतून आणि टॉर्चचे सुटे भाग नागदेवी स्ट्रीटवरून आणले, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

वायूबद्दल मात्र सांगायलाच हवे. सात घनमीटरचे सिलिंडर मिनिटाला आठ लिटर या दराने साडेचौदा तास आर्क चालवते. ते उभे ठेवून भिंतीला साखळीने बांधावे, कारण आतला दाब वातावरणाच्या दीडशेपट असतो आणि सिलिंडर पडून व्हॉल्व्ह तुटला तर ते तोफगोळ्यासारखे सुटते. दुसरा धोका याहून शांत आहे. आमचे गॅरेज साधारण ३९ घनमीटरचे आहे. शटर बंद असताना रात्रभरात अख्खे सिलिंडर गळाले आणि वायू सगळीकडे मिसळला, तरी ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेसतराच्या आसपास येईल, आणि १९.५ टक्क्यांच्या खालची हवा असुरक्षित मानतात. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने जमिनीलगत याहून वाईट स्थिती असेल, आणि त्याला वास नाही. सचिवांना मी हेच सांगितले की आग लागणार नाही, पण व्हॉल्व्ह रोज बंद होतो की नाही हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

हवा खेळती हवी आणि टॉर्चपाशी आर्गॉनचे पांघरूण उडवणारा वारा नको, या दोन गरजांचा मेळ मुंबईच्या उन्हाळ्यात घालणे कठीण जाते. मे महिन्यातल्या एका दुपारी मी छताचा पंखा चालू ठेवून स्टेनलेसच्या पत्र्यावर पहिली शिवण घातली. ती सोनेरी येण्याऐवजी करडी, खरबरीत आणि छिद्रांनी भरलेली आली आणि टंगस्टनचे टोक निळे-पिवळे पडले. मी सिलिंडर बदलण्याच्या विचारात होतो. पंखा बंद करून त्याच सिलिंडरवर, त्याच पत्र्यावर दुसरी शिवण घातली तेव्हा ती स्वच्छ आली. आता शटर अर्धे उघडे असते आणि लांबच्या भिंतीतला एक्झॉस्ट पंखा सावकाश हवा ओढतो. पावसाळ्यात ॲल्युमिनियमचे काम करण्याआधी पत्रा ॲसिटोनने पुसून कोरडा करणे आवश्यक असते, कारण पृष्ठभागावरच्या पाण्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि धातू गोठताना बुडबुडे मागे ठेवतो. पुसण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण कधीही वापरू नये, कारण आर्कच्या अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

याच किरणांनी डोळ्यांना इजा होते. टिगमध्ये धूर आणि ठिणग्या जवळजवळ नसल्याने पाहणाऱ्याला तो सौम्य वाटतो, पण धुराचा आडोसा नसल्यामुळे अतिनील प्रकाश अधिकच मोकळा येतो. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा वरचा थर भाजून निघालेला असतो. गाळ्यांमध्ये यावर बटाट्याचे काप ठेवतात, कुणी डोळ्यांत दूध सोडतात. हा थर बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो आणि श्रेय बटाट्याला मिळते. दुधाने मात्र उघड्या जखमेत जंतू जाण्याची भीती असते. धूर बाधू नये म्हणून गूळ खाण्याची रूढीही अशीच आहे. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात, या दोन वाटा कुठेही एकत्र येत नाहीत. डोळे असे दुखू लागले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, आणि त्याआधी १०० अँपिअरसाठी १० क्रमांकाची काच असलेले हेल्मेट घ्यावे. शटरपाशी मी जाड अपारदर्शक पडदा लावला आहे, कारण सोसायटीतली मुले थांबून पाहतात.

काम संपताना पायाने किंवा बटणाने प्रवाह तोडला तरी टॉर्च लगेच उचलू नये. दर दहा अँपिअरला एक सेकंद या हिशेबाने १०० अँपिअरनंतर दहा सेकंद आर्गॉन वाहत राहू द्यावा. त्या दहा सेकंदांत टंगस्टनचे टोक पांढऱ्याचे पिवळे, मग केशरी, मग गडद लाल होत जाते. डबके आधीच गोठलेले असते. टॉर्च आधी उचलली तर तापलेल्या टंगस्टनला हवा लागते, त्याचे ऑक्साइड होते आणि टोक घासून पुन्हा लांबीच्या दिशेने धार लावावी लागते. थांबलात तर शेवटचा लाल ठिपका विझतो, सिलिंडरचा हिस्स असा आवाज बंद होतो, आणि टोक चांदीसारखे चकचकीत राहिलेले असते.