‘सूर्यकिरण’ २०११ मध्ये का थांबले?

संरक्षण खर्चात कपात झाली म्हणून २०११ मध्ये हवाई दलाचा हवाई कसरती करणारा ‘सूर्यकिरण’ चमू बंद करण्यात आला, असे अजूनही ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. खर्चकपातीमुळे हवाई कसरती थांबल्या त्या अमेरिकेत, २०१३ मध्ये, आणि तिथलेही ‘थंडरबर्ड्स’ व ‘ब्लू एंजल्स’ हे चमू पुढच्याच वर्षी परतले.

आपल्याकडे अडचण विमानांची होती. नवशिक्या वैमानिकांना पहिले धडे देणारे एचपीटी-३२ हे विमान, इंजिन हवेतच बंद पडण्याच्या वारंवार घडलेल्या घटनांनंतर आणि दोन प्रशिक्षकांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर, २००९ मध्ये उड्डाणातून काढावे लागले आणि तो सगळा भार ‘किरण’ जेट विमानांवर आला. बिदरच्या या चमूकडेही किरणच होती. बंगळुरूच्या ‘एअरो इंडिया’ या हवाई प्रदर्शनानंतर ती प्रशिक्षणाकडे वळवण्यात आली. अवघ्या काही मीटरच्या अंतराने नऊ विमाने उडवणारा चमू थांबवणे क्लेशदायकच होते, पण आधी शिकाऊ वैमानिक आणि मग प्रदर्शन, हा क्रम मला पूर्णपणे योग्य वाटतो. २०१३ पासून प्राथमिक प्रशिक्षणासाठी पिलाटस विमाने दाखल होऊ लागली, २०१५ मध्ये चमू ‘हॉक’ विमानांवर पुन्हा उभा राहिला आणि पुढे नऊ विमानांची रचनाही परतली.