जास्वंदीला रानटी पूर्वज का सापडत नाही

मुंबईत जास्वंद नाही अशी जुनी सोसायटी शोधूनही सापडायची नाही. गिरगावातल्या वाडीत, पार्ल्याच्या बंगल्याच्या कुंपणाला, चाळीच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात, कुठे ना कुठे ती असतेच, आणि मंगळवारी सिद्धिविनायकाच्या बाहेर दूर्वांच्या जुडीबरोबर लाल फूल हवंच. त्यामुळे ही इथलीच, आपल्याच मातीतली असं सगळे धरून चालतात. पण सह्याद्रीत कितीही भटका, रानात आपोआप उगवलेली जास्वंद दिसत नाही. आणि फक्त सह्याद्रीत नाही, जगातल्या कुठल्याच जंगलात ती मूळची रानटी म्हणून खात्रीने सापडलेली नाही. जिथे आहे तिथे माणसानेच कधीतरी लावलेली.

भारतात ती फार जुनी आहे यात शंका नाही. संस्कृतातली जपा म्हणजे जास्वंद अशी परंपरेने ओळख आहे, आणि मेघदूतात कालिदासाने संध्याकाळच्या लाल तेजाला ताज्या जपापुष्पाची उपमा दिलीय, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी वाचणाऱ्याला हे फूल समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे केरळात डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने इट्टी अच्युदन या वैद्याच्या आणि इतर स्थानिक जाणकारांच्या मदतीने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ केला, होर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३ मध्ये अॅमस्टरडॅमला छापलेला, त्यात ही चेंपरत्ती या मल्याळी नावाने येते. मग १७५३ साली स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने तिला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे शास्त्रीय नाव दिलं आणि नावातच चीन आल्यामुळे पुढची दोन-अडीचशे वर्षं पुस्तकांतून हे झाड चीनचं असंच छापून येत राहिलं. चीनमध्ये बागांतून ती होती हे खरं, पण रानात तिथेही नाही.

गेल्या काही वर्षांत लेक्स थॉमसन आणि लुका ब्राग्लिया या संशोधकांनी पॅसिफिक बेटांवरच्या जास्वंदींचा अभ्यास करून वेगळीच मांडणी केलीय आणि मला ती फार पटते. त्यांच्या मते आपली जास्वंद हा दोन जातींचा संकर आहे, एक वानुआतू बेटांवरची हिबिस्कस कूपेरी आणि दुसरी ताहितीच्या बाजूची हिबिस्कस काउटे. ही बेटं एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब, तेव्हा दोन्ही झाडं एकत्र आणली ती होडीतून फिरणाऱ्या माणसांनी, आणि त्यातून झालेलं झाड हातोहात आशियात आलं. रानटी जास्वंद का सापडत नाही याचं उत्तर यातच येतं.

झाडाकडे नीट बघितलं तर ही गोष्ट त्याच्या अंगावरच दिसते. एक साधं पाच पाकळ्यांचं लाल फूल हातात घ्या. हिरव्या निदलांच्या खाली बारीक हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं असतं, भेंडीच्या आणि कापसाच्या फुलालाही असतं, कारण कुळ एकच. मधून जो लांब दांडा बाहेर येतो तो म्हणजे सगळ्या पुंकेसरांची जोडून झालेली नळी, तिच्यावर पिवळे परागकोश, आणि नळीच्या आतून वर आलेली स्त्रीकेसराची पाच टोकं, मखमली ठिपक्यांसारखी. म्हणजे फळ धरायला लागणारं सगळं सामान फुलात आहे. शिंजीर हा चिमुकला पक्षी दिवसभर येऊन मध पितो, तरीही आपल्याकडच्या साध्या लाल जास्वंदीला बी धरलेलं क्वचितच कोणी बघितलं असेल, एका दिवसात फूल मिटतं आणि गळून पडतं. डबल जास्वंदीत तर बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. गुणसूत्रांची संख्याही प्रकारागणिक बदलते, कुठे ३६ तर कुठे शंभराच्या वर, अशा झाडाला सरळ बी धरणं अवघडच. तेव्हा ही जास्वंद इतक्या शतकांत पसरली ती फांदीने, कोणीतरी तोडून दुसऱ्याला दिली, त्याने लावली, असं करत करत.

रंगांची गर्दी मात्र अलीकडची. १८२० च्या सुमाराला मॉरिशसमध्ये चार्ल्स टेल्फेअर याने तिचा त्या भागातल्या हिबिस्कस लिलीफ्लोरस या जातीशी संकर केला, पुढे पूर्व आफ्रिकेतली कातरलेल्या पाकळ्यांची, खाली लोंबणारी झुंबर जास्वंदही या संकरांत आली, आणि हवाई, फ्लोरिडा, ऑस्ट्रेलियात हौशी लोकांनी हजारो प्रकार केले. आज मुंबईच्या नर्सरीत कलम केलेली मोठ्या फुलांची जी जास्वंद ‘पुणे व्हरायटी’ किंवा ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणून मिळते ती या वंशातली. दिसायला सुंदर, पण पिठ्या ढेकूण लागला की आठवड्यात मान टाकते, आणि आपल्या पावसात कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. (मिरची जास्वंद यात धरू नका, न उघडणाऱ्या फुलांची ती अमेरिकेकडची, जवळची नातेवाईक पण वेगळी.)

जुनी गावठी लाल जास्वंद मात्र टिकाऊ. दादरच्या फूलबाजारात पहाटेच्या लोकलने वसई-विरारकडून ज्या कळ्या येतात त्यात हीच बघायला मिळते, कळ्याच, कारण उमललेलं फूल दिवसभर टिकत नाही. काळजी आहे ती शहरातल्या झाडांची. रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग गेली की कंपाउंडमधली तीस-चाळीस वर्षांची जास्वंद पहिल्याच दिवशी जेसीबीखाली जाते, आणि बी नसल्यामुळे ते झाड पुन्हा आपोआप येणार नसतं. नवीन पोडियमवर लँडस्केपवाला लावतो ती ठेंगणी हायब्रीड.

म्हणून घर रिकामं करायची तारीख ठरली की त्याआधीच फांद्या काढून ठेवा. जून-जुलैत पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली, वीतभर फांदी घ्यायची, पेऱ्याच्या लगेच खाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची, आणि निम्मी रेती निम्मी माती अशा कुंडीत सावलीला ठेवायची. पाणी बेताचं. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. एकाच फांदीवर भरवसा न ठेवता चार-पाच लावा आणि जास्तीच्या शेजाऱ्यांना द्या.