५० पैशांचे नाणे ‘बंद’ झालेले नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुट्ट्या पैशांत ५० पैशांची दोन नाणी दिली, तर ती बहुधा बोटाने परत सरकवली जातात, कारण ‘आठ आणे बंद झाले’ ही समजूत गोव्यात घट्ट रुजली आहे. प्रत्यक्षात ३० जून २०११ पासून चलनातून गेली ती २५ पैशांची आणि त्याहून लहान नाणी. ५० पैसे आजही कायदेशीर चलन आहे, फक्त २०११ च्या नाणे कायद्यानुसार १० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठीच. इतके लहान नाणे नव्याने पाडू नये, असे माझेही ठाम मत आहे. परंतु टांकसाळीने काम थांबवले म्हणून गरिबाच्या गाठीचे नाणे आपोआप बाद ठरत नाही, त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र अधिसूचनाच लागते.