सुई हातात, हालचाल मेंदूत

सारसबागेतल्या सकाळच्या गप्पांत हल्ली गुडघ्यांइतकाच विसरभोळेपणाचाही विषय निघतो. मग कुणीतरी सांगतं, "अहो काका, अ‍ॅक्युपंक्चर करून बघा, मेंदूला चालना मिळते." मेंदूत खरंच काही घडतं का? घडतं.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात 'हेगू' हा अ‍ॅक्युपंक्चरचा बिंदू आहे. तिथे बारीक सुई टोचून फिरवली की हात जड, बधिर होतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना एफएमआरआय या मेंदूच्या कामाची चित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून हेच केलं. ज्यांना हा जडपणा जाणवला त्यांच्या मेंदूत भावना आणि स्मरणाशी निगडित भाग, म्हणजे अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस, शांत झाले. ज्यांना सुई नुसतीच टोचून दुखली, त्यांच्यात उलट घडलं.

आजारी वृद्धांचं काय? 2014 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या चिनी अभ्यासात अल्झायमरचे 14 रुग्ण आणि 14 निरोगी ज्येष्ठ होते. रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसचा मेंदूच्या इतर भागांशी असलेला ताळमेळ मुळात कमी होता. हात आणि पायावरच्या बिंदूंना सुया दिल्यावर त्यातल्या काही जोडण्या वाढलेल्या दिसल्या. आशा वाटावी असंच हे चित्र आहे. पण ते सुया काढल्यानंतर लगेचचं आहे. त्यावरून नातवाचं नाव पुन्हा आठवू लागेल, असं म्हणता येत नाही.

शिवाय एफएमआरआय यंत्र पेशींचं काम थेट पाहत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपतं. वयानुसार रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळे तरुण आणि वृद्धांची चित्रं शेजारी ठेवताना फार जपावं लागतं. नेमक्या बिंदूंचा दावाही डळमळीत आहे. पायाच्या करंगळीजवळ टोचलं की दृष्टीचं केंद्र जागं होतं, असा शोधनिबंध 1998 मध्ये गाजला. 2006 मध्ये त्याच्या बहुतेक लेखकांनीच तो निष्कर्ष मागे घेतला. म्हणून मला खोट्या सुईशी केलेली तुलना सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोथट टोकाची ही सुई दाबली की स्वतःच्याच पोकळ दांड्यात सरकते, त्वचेत शिरत नाही, आणि रुग्णाला मात्र टोचल्यासारखं वाटतं.

घरातल्या आजी-आजोबांचा विसराळूपणा वाढला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बी-12 ची कमतरता किंवा मंदावलेलं थायरॉइड यांनीही स्मरण ढासळतं, साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि त्यावर औषधही आहे. शाकाहारी घरांत तर बी-12 नक्की तपासा.